दाराच्या अलीकडे

"येतो," मी म्हणालो. पुटपुटलो नाही, चांगलं खणखणीत म्हणालो. दारात वळून, दोन्ही हात जोडून, थोडा वाकून. एवढी वर्षं परदेशात काढली तरी पोराचं वळण बिघडलं नाही, असं बघणाऱ्याला वाटावं अशा बेताने म्हणालो. आणि खोलीतली कुजबुज थांबली. भिंतीशी बसलेल्या पाहुण्या बायकांपैकी एकीने पदर तोंडाशी नेला. संपदा, गेलेल्या जितूची बायको, कोपऱ्यातल्या दिव्यासमोर हात आडवा धरून बसली होती. दाराशी कुणी आलं-गेलं की ज्योत वाकायची, म्हणून ती मघापासून तशीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. गिरिजाकाकूंनी, जितूच्या आईने, डोळे वर केले आणि माझ्या तोंडावर ठेवले. मागून बाबांनी माझं कोपर धरलं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी हसलो होतो तेव्हा असं धरलं होतं, त्यानंतर आत्ताच. काहीतरी शेण खाल्लं हे मला कळलं. काय खाल्लं ते कळलं नाही.

पॅसेज ओलांडला की आमचंच दार. बाबांनी आत आल्याबरोबर पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. ते धुतायत म्हणून मीही धुतले. मग पंच्याने तोंड पुसत, पंच्यातूनच, ते म्हणाले, "मरणाच्या घरातून निघताना येतो म्हणतात का रे?" मी म्हटलं, "मग काय म्हणतात?" "काही म्हणत नाहीत. गप उठायचं आणि निघायचं. येतो म्हटलं म्हणजे पुन्हा याच कामाला येतो असं होतं. त्या घरात आता म्हातारी तेवढी राहिलीय, आणि ती पोरगी, संपदा." मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं, बाबा." "माहीत नव्हतं," ते म्हणाले. गृहपाठ न केलेल्या मुलाचं वाक्य त्याला परत ऐकवावं तसं. बाबा पालिकेच्या शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाजातली ती पट्टी तशीच आहे. मग ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दिवसाढवळ्या.

गंमत बघा. सगळे शब्द सोडून हाच शब्द निघावा? तिकडे गोथेनबर्गला आमच्या मराठी मंडळाचा रविवारचा वर्ग मी चालवतो. एका वाचनालयाच्या तळघरात, पांढऱ्या टेबलांभोवती, लाल गालांची आपली पोरं बसतात आणि मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, आपल्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. का? कारण आपलं माणूस कायमचं जात नसतं. असं म्हटलं की मागे बसलेल्या आयांचे डोळे भरून येतात, माझेही थोडे येतात, खोटं कशाला बोलू. माझी मुलगी अनुष्का अजून ट्राम पकडायला धावताना "येते हं" म्हणते, तिकडच्या लोकांच्या त्या हेलकाव्याच्या सुरात, आणि माझी बायको सुचेता आणि मी एकमेकांकडे बघतो. की बघ, एवढं तरी दिलं आपण तिला. अरे पण काय दिलं? मंडळात आम्ही गणपती बसवतो, पाडव्याला बर्फात गुढी उभारतो, दिवाळीला चकल्या बिघडवतो. मेलं कोण तिथे? कुणीच नाही. जे मरतात ते इथे मरतात, आणि आम्ही फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवतो. मी इथून गेलो तोवर मरणाच्या घरी जाऊन बसायचं काम कधी माझ्याकडे आलंच नव्हतं. त्या घरी मोठी माणसं जायची. आम्हा पोरांना बाहेर जिन्यावर थांबवायचे, चपलांपाशी. माझ्याबरोबर सामानात आली ती तेवढ्या वयाची मराठी, सणासुदीची, आणि तीच मी इतकी वर्षं पुसून पुसून लखलखीत ठेवली.

आई गेली तेव्हा विमानं बंद होती. सगळं मी फोनवर पाहिलं. फोन जितूच्या हातात होता. आईचा चेहरा दिसायचा आणि मधेच हलायचा, कारण जितूचा हात थरथरत होता, आणि मी त्या अवस्थेतसुद्धा म्हणालो होतो, नीट धर रे. तो म्हणाला, "धरतोय ना रे, धरतोय." त्यानंतर लोक बसायला आले, उठून गेले, कसे उठले, काय बोलले, मला काय ठाऊक? ते सगळं या खोलीत झालं आणि तेव्हा मी तिकडे खिडकीशी उभा होतो, खाली एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. आता जितूच गेला. रविवारी सकाळी मटण आणायला निघाला, जिन्यात बसला, आणि बसल्या बसल्या गेला. बावन्न म्हणजे काय वय आहे? माझंच वय. मी मिळालं त्या विमानाने आलो, आणि विमानात, खोटं कशाला बोलू, जितूपेक्षा बाबांचा विचार जास्त केला. आता बाबांचं काय, हा एकच किडा डोक्यात. सामानात कर्जतच्या त्या ज्येष्ठांच्या निवासाची माहितीपत्रकंही घेऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी उठलो तर समोरचं दार बंद होतं. यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण ही दोन दारं दिवसा बंद असलेली मी कधी पाहिली नव्हती. लालबागच्या चाळीत आमची बिऱ्हाडं शेजारी शेजारी होती. चाळ सुटली तेव्हा दोन्ही कुटुंबांनी मिळून भाईंदरला, मोरव्याच्या रस्त्यावर, मिठागरांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या या इमारतीत समोरासमोर जागा घेतल्या, कारण दार उघडलं की पुढे कुणीतरी ओळखीचं दिसायला हवं असं आईचं म्हणणं. बाकीच्या मजल्यांवर जाळीचे सेफ्टी डोअर आले, कॅमेरे आले. आमच्या मजल्यावर सकाळी दोन्ही दारं उघडून त्यांना एकेक विटकर लावायची ती रात्रीच काढायची. बाबा सकाळी पेपर घेऊन समोर जातात. काकूंना मोतीबिंदू झाल्यापासून दिसत नाही नीट, म्हणून ते मोठ्याने वाचतात, आधी निधनवार्ता, मग बाकीचं जग. तिथेच चहा. दुपारी संपदा भाजीची वाटी आणून ठेवते. मागच्या वर्षी बाबा न्हाणीत पडले तेव्हा जितूला आवाज गेला तो दारं उघडी होती म्हणून. कर्जतला पलंगाशेजारी लाल बटण आहे. दाबलं की माणूस येतो. मी ते बटण बाबांना फोनवर दाखवलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "पडल्यावर मी बटण शोधत बसू?"

आता विटकर भिंतीशी पडली होती आणि दार बंद. बाबांनी आमचं दार उघडलं, समोर पाहिलं, पेपर हातात होता, आणि दार लावून घेतलं. "बेल वाजवू का?" मी विचारलं. "कुठल्या तोंडाने?" ते म्हणाले. पेपर त्यांनी टेबलावर ठेवला, तो घडी न मोडता दिवसभर तिथेच राहिला. चंपा कोळीण राई गावाहून मासे घेऊन वर आली, तिने समोरच्या दाराकडे बघून पाटी दुसऱ्या काखेला घेतली. "बंद केलाय काय दार? या मजल्यावर कदी बंद न्हाय बगला मी," म्हणाली आणि खाली उतरली. तिला काय, ती सहज बोलली. मला मात्र चटका बसला. म्हणजे मासेवालीला, परक्या माणसालासुद्धा दिसतंय. म्हणजे झालंच. काकूंच्या मनात भरलं, पाहुण्या बायकांनी घातलं भरीस, हा आला विलायतेहून आणि घराला काय बोलून गेला! त्यांच्या जागी मी असतो तर मीही लावलं असतं दार.

आणि मग सुरू झाली माझी येरझार. बाल्कनीत जायचं, मिठागराच्या पांढऱ्या ढिगांकडे बघायचं, पलीकडे खाडी, वारा नुसता उधळलेला, दोरीवरचे कपडे हातातून ओढून नेणारा. परत यायचं, दाराशी उभं राहायचं, मॅजिक आयला डोळा लावायचा. त्या गोल भिंगातून समोरचं दार फुगलेलं दिसतं, त्यावरची 'जितेंद्र' ही पितळी पाटी वाकडी दिसते. डोळा लावून उभं राहायची ही सवय इथली नाही. ही तिकडची. तिकडे घरातून निघण्याआधी दाराला कान लावायचा, भिंगातून बघायचं, जिन्यात शेजारी असेल तर तो जाईपर्यंत आत उभं राहायचं, किल्ल्या न वाजवता. उगाच त्याला आपल्याशी बोलावं लागू नये. सगळेच असं करतात. पहिल्या वर्षी मी याला हसलो होतो. सुचेताला म्हटलं होतं, ही काय माणसं आहेत की उंदीर? मग कधीतरी मीही थांबायला लागलो. मग मला ते आवडायला लागलं. तळघरात सगळ्यांची मिळून कपडे धुवायची एक खोली, वेळापत्रकाच्या पाटीवर आपली खुंटी लावून वेळ धरायची, त्या वेळेत ती खोली आपली, दुसरं कुणी फिरकणार नाही. कुणाच्या घरी जायचं तर आठ दिवस आधी ठरवायचं. कुणी विचारत नाही, पगार किती, दुसरं मूल का नाही. मला त्या शांततेची चटक लागली, हे मी मंडळात कधी बोललो नाही. तिथे मी डोळे ओले करून उघड्या दारांच्या गोष्टी सांगतो. आणि सुट्टीला इथे आलो की दुपारी काकू न विचारता आत येऊन पलंगावर बसल्या, "काय रे, सुकलास," म्हणाल्या, की माझ्या कपाळावर आठी चढते. चढते, काय करू? मी ती परतवून हसतो. जितूच्या लक्षात यायची. तो म्हणायचा, "साहेबांना अपॉइंटमेंट लागते, आई, चल."

संपदाला निरोप लिहावा असं वाटलं. तिकडे असतो तर एक कार्ड लिहून दारातल्या फटीतून आत सरकवलं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं. समोरच्याला त्रास नाही, आपलं कर्तव्य झालं. फोन हातात घेऊन लिहिलं, 'वहिनी, माझ्या बोलण्यामुळे आपल्या भावना दुखावल्या असतील तर'. पुसलं. आपल्या! जितूच्या लग्नात हिच्या चपला मी लपवल्या होत्या. 'संपदा, माझं चुकलं' असं लिहिलं. तेही पुसलं, कारण नवरा जाऊन आठवडा नाही झाला त्या बाईने आता माझी चूक पोटात घालत बसायचं? मग ठरवलं, समोरासमोर जाऊन बोलावं. पण कधी? सकाळी त्यांचे विधी असतील. दुपारी पडल्या असतील. संध्याकाळी लोक येत असतील. योग्य वेळ काही सापडेना. रोज दुपारी काकू एकट्याच बाहेर यायच्या, पॅसेजच्या खिडकीत कावळ्याला भाताचा घास ठेवायच्या, गजाला धरून थोडा वेळ उभ्या राहायच्या. दोन पावलांवर. मी भिंगाला डोळा लावून, श्वास रोखून, त्या आत जाईपर्यंत हलायचो नाही.

तशात बाबा एका सकाळी चहाचा कप विसळता विसळता म्हणाले, "चल, बघून येऊ तुझं ते कर्जत." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते पुन्हा म्हणाले, "शनिवारी जाऊ. गाडी सांग. आवडलं तर राहीन म्हणतो." दोन वर्षं मी या एका वाक्यासाठी फोनवर घसा कोरडा केला होता. सुरक्षितता समजावली, डॉक्टर समजावले, बाग दाखवली, आणि हा माणूस दरवेळी म्हणायचा, माझं समोर सगळं आहे. आता समोर काही नाही म्हणून हो म्हणाला. मी त्यांना पटवलं नव्हतं. मी एक शब्द बोलून त्यांचं समोरचं दार बंद केलं होतं. सुचेताला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं ना कौस्तुभ, सुटला प्रश्न. तू त्यासाठीच गेला होतास." मी तिच्यावर ओरडलो. "काय सुटलं? काय सुटलं म्हणतेस?" ती हळूच म्हणाली, "तूच पाठ करून गेला होतास सगळं, मी फक्त आठवण केली." खरंच होतं तिचं. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि तोंड कडू झालं होतं. संध्याकाळी काशीमीऱ्याच्या एका गॅरेजवाल्याकडे शनिवारची गाडी सांगून आलो. येताना वाण्याने हाक मारली, "अरे साब, मास्टरजी नीचे नहीं आते आजकल? तबीयत ठीक है ना?" मी ठीक है म्हटलं. घरी बाबा अंधारात बसले होते, टेबलावर न मोडलेल्या घड्यांचे पेपर एकावर एक.

शुक्रवारी दुपारी बाबा आडवे झाले होते आणि मी दाराशी होतो. समोरचं दार उघडलं. काकू बाहेर आल्या, खिडकीत घास ठेवला, मागे दार लोटलं. मला वाटलं आता आत जातील. त्या वळल्या, आणि आमच्या दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. भिंगात त्यांचं तोंड मोठं झालं, कपाळ रिकामं वाटेल इतकं मोठं, डोळे बारीक केलेले. हात बेलकडे गेला नाही. नुसत्या उभ्या. मी आतून मुठी आवळल्या. जातील, मी स्वतःला सांगितलं, थांब, आत्ता जातील, जिना मोकळा होईल. तिकडे हे नेहमी जमतं, समोरचा माणूस नेहमी जातो. काकू जाईनात. पदराने मान पुसली, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की सुतकातलं माणूस दुसऱ्याच्या दाराला हात लावत नाही. म्हणजे बाई बेल वाजवणारच नव्हती. माझ्याच्याने उघडवत नव्हतं, हलवत नव्हतं.

"कौस्तुभ," काकू म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "तिथेच आहेस ना रे? फटीतून तुझी सावली दिसते दाराखाली. रोज दिसते."

मोतीबिंदूच्या डोळ्यांना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दार उघडलं.

"येतो म्हणाला होतास ना?" त्या म्हणाल्या.

"काकू, चुकलं माझं. मला खरंच माहीत नव्हतं, असं म्हणायचं नसतं ते. मी तुमची, संपदाची, रोज माफी मागायची म्हणतोय—"

"मग आला का नाहीस?"

मी अर्धं उघडलेलं दार पूर्ण उघडलं.

"त्या बायका लागल्या कुरकुरायला, अपशकुन आणि काय काय. मी म्हटलं, गप बसा गं. येतो म्हणालाय, तर येईल तो." त्यांनी जिन्याकडे हात केला. "सगळे येतात रे. येतात, बसतात, गप उठतात, जातात. एकदा गेले की परत कोणी फिरकत नाही. सगळ्यांत तू एकटा म्हणालास येतो. मी वाट बघतेय. दारापर्यंत येतोस आणि तिथेच उभा राहतोस, आत कशाला उभा राहतोस रे?"

"दार लावलं होतंत तुम्ही," मी म्हणालो. इतकंच आलं. "मला वाटलं..."

"दिवा राहीना. खाडीचा वारा किती सुटलाय बघ. पोरगी किती वेळ हात धरून बसणार?" मग माझ्या खांद्यावरून आत बघून त्या एकदम तापल्या. "आणि मास्तर, तुम्ही हो? याला कळत नाही, हा बाहेरचा झाला. तुम्हाला काय झालं? सुतकाचा चहा नको तर नका घेऊ. पेपर वाचायला काय धाड भरली? आठवडाभर कोण गेलं कोण राहिलं, मला काही पत्ता नाही."

बाबा आतल्या दारात उभे होते. केस विस्कटलेले, एका गालावर चादरीच्या सुरकुत्या. त्यांनी चष्मा लावला. टेबलावरचे सगळे पेपर उचलले, जुन्यापासून लावायला लागले, एकेकाची तारीख बघत, म्हणून तिथे जरा वेळ गेला. मग काखेत गठ्ठा घेऊन, अनवाणी, माझ्या बाजूने निघाले. उंबऱ्यात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या कर्जतवाल्यांना फोन करून टाक."

"काय सांगू?"

"येत नाही म्हणावं."

ते पॅसेज ओलांडून आत गेले. काकू त्यांच्या मागोमाग निघाल्या. मी आपला अजून आमच्याच उंबऱ्याच्या आत. जावं की नाही, आत संपदा कशी बसली असेल, तिला आत्ता कुणी नको असेल तर, हे सगळं तेवढ्यात डोक्यातून गेलं. आणि जिभेवर तेच आलं, तिकडे मुरलेलं. "काकू," मी म्हणालो, "आत्ता आलो तर चालेल?"

काकू मागे वळल्या. मला वाटतं जितू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसण्याच्या जवळपासचं काहीतरी आलं. ते टिकलं नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"अपॉइंटमेंट दिली," त्या म्हणाल्या. "ये. आणि मागे दार ओढून घे, दिवा आहे."

मी आत गेलो, दार ओढून घेतलं, आणि संपदाच्या शेजारी खाली बसलो.